कनकाला विचारा

मित्रांनो, आधी ती वही सरळ धरा बघू. आणि समासाच्या बाहेर पळालेलं ते अक्षर आत घ्या. हं, आता जरा बरं वाटलं. रागावू नका, मला सवयच तशी आहे. मी एक जुनी फाईल आहे. कपाटात दोरीने बांधून ठेवतात तसली नव्हे, संगणकातली. चेन्नईत नुंगंबाक्कमला एका चष्म्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. तिथल्या संगणकात मी राहते. वाकडं काही दिसलं की माझा जीव वरखाली होतो. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही, आणि आज जे सांगायला आले आहे ते सांगून होईपर्यंत तर मुळीच बसवणार नाही.

संगणकाकडून काम करून घ्यायचं तर माणसं ओळींवर ओळी लिहितात. त्याला कोड म्हणतात. आता माणूस म्हटला की त्याची तऱ्हा आलीच. एकजण ओळ दोन घरं आत सरकवून लिहितो, दुसरा चार घरं. एकाची ओळ हातभर, दुसऱ्याची बोटभर. सगळ्यांचा कोड एका वळणाचा दिसावा म्हणून नियम ठरवावे लागतात, आणि ते नियम माझ्या पोटात असतात. फॉरमॅटर नावाचं एक यंत्र मला वाचतं आणि सगळा कोड कडक करून, घड्या घालून ठेवतं. मी त्याला आमचा इस्त्रीवाला म्हणते. तो निखारे पेटवतो, पण घडी कुठे घालायची ते मी सांगते.

माझा जन्म भांडणातून झाला. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन घरं की चार घरं यावरून ऑफिसातली दोन मोठी माणसं इतकी तणाणली की एकत्र कॉफी प्यायची बंद झाली. तेव्हा कनकाने मला लिहिलं. कनका म्हणजे तंजावरच्या मराठी घरातली बाई. घरात तीनशे वर्षांची मराठी, रस्त्यावर तमिळ, कामात इंग्रजी. वय तेव्हा सेहेचाळीस. ऑफिसात सगळे तिला अक्का म्हणत. तिने दोघांना समोर बसवलं आणि म्हणाली, "चार घरें. आतां भांडूं नका. फाईलमध्यें लिहिलें मी." झालं! भांडण मिटलं आणि मी जन्माला आले.

काय दिवस होते ते! रोज सकाळी कनका अक्का ऑफिसच्या दाराशी तांदळाच्या पिठाचं कोलम काढायची. आधी ठिपके, मग रेघ. ठिपके मोजून पडले की रेघ चुकत नाही, असं ती म्हणायची. माझे नियमही तिने तसेच एकेक करून मांडले. नवा माणूस कामाला आला की त्याला आधी माझ्यापुढे उभं करायचे. "ही फाईल वाच, मग हात चालव." सगळ्यांचा कोड एकाच हाताने लिहिल्यासारखा दिसायचा. बाहेरून आलेले पाहुणे वाखाणायचे आणि मी फुगायचे. खोटं कशाला बोलू, फुगायचेच.

आमच्या ऑफिसचं काम काय, तेही सांगते. श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या आणि फोनच्या मोठमोठ्या फॅक्टऱ्या आहेत. तिथल्या कामगारांना शहरातून आणायला कंपनीच्या बस जातात. कुठली बस कुठे थांबणार, कुठून किती माणसं चढणार, हे ड्रायव्हरच्या पुढच्या पडद्यावर दिसतं. ते दाखवणारा कोड आमचा.

कनका अक्काने त्यात दोन याद्या केल्या होत्या. एका यादीत थांबे. दुसऱ्या यादीत आकडे, म्हणजे कुठे किती जण उभे राहणार आहेत ते. आकडे आदल्या संध्याकाळी फॅक्टरीकडून यायचे. पहिल्या थांब्याला पहिला आकडा, दुसऱ्याला दुसरा. दोन्ही याद्या हातात हात घालून चालायच्या. आणि एखाद्या थांब्यापुढे शून्य असलं, की ड्रायव्हरने तिथे थांबायचं नाही असा दंडक होता. पहाटे वेळ कमी असतो ना.

आता माझ्या पोटातली गोष्ट ऐका. मी तेव्हा वर्षाचीही नव्हते. कनका अक्काने माझ्यात एक नवा नियम घातला. सगळ्या याद्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावायच्या. दिसायला काय सुरेख! इस्त्रीवाला फिरला आणि थांब्यांची नावं भराभर अक्षरक्रमाने उभी राहिली. आकडे मात्र आपल्या जागी राहिले. हातातले हात सुटले. कुणाचा आकडा कुणाला गेला.

फॅक्टरीच्या कँटीनमध्ये राजसबाई नावाची बाई कामाला होती. तीही तंजावरकडची मराठी, अक्काच्या ओळखीची. तिच्या थांब्यापुढे शून्य आलं. मार्गळीचा महिना, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष, अंधार, दव पडलेलं, आणि बस तीन दिवस तिच्या समोरून न थांबता गेली. चौथ्या दिवशी कँटीनवाल्याने दुसरी बाई ठेवली. अक्काला चूक सापडली तोवर उशीर झाला होता. तिने कुणाला न सांगता याद्या पुन्हा होत्या तशा केल्या आणि माझ्या पोटात एक ओळ लिहिली: "थांब्यांच्या याद्या या नियमातून वगळा. हात लावायचा असेल तर कनकाला विचारा."

कारण लिहिलं नाही. राजसबाईलाही सांगितलं नाही. लाज वाटली तिला. मलाही वाटली, कारण क्रम लावणारा तो नियम माझाच होता.

पुढे अकरा वर्षं ती ओळ पहारा देत राहिली. कुणी विचारलंच, "अक्का, हे काय?" तर ती खुर्ची वळवून म्हणायची, "तसेंच असूं दे रे कण्णा," आणि डब्यातलं सुंडल पुढे करायची. सुंडल म्हणजे फोडणीचे हरभरे, वर खोबरं. हरभरे खाता खाता माणूस विचारायचं विसरून जायचा. आमच्या ऑफिसात पद्धतच पडली. कारणं फाईलीत नसत, अक्काजवळ असत. आणि मोठ्या माणसाला दोनदा कारण कसं विचारायचं?

मग तिची निवृत्ती आली. हार घातला, एक थर्मास दिला, फोटो काढले. निघायच्या आधी तिने मला उघडलं. त्या ओळीवर आली. खाली टाइप केलं, "कारण:" आणि थांबली. पुढे काही येईना. मी नुसती तळमळत होते. लिही ना गं बाई, लिही! इतक्यात बाहेरून हाक आली, फोटोला सगळे उभे आहेत म्हणून. तिने तो शब्द खोडला आणि उठली. दारात म्हणाली, "येतें हां." आमच्याकडे कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात. पण ती आली नाही, आणि तिला कुणी बोलावलंही नाही. राहायला होती मांबळमला, लोकलने दोन स्टेशनं.

तिच्यामागून आठ महिन्यांनी ऑफिसात एआय एजंट आले. विम्याचा एजंट नव्हे हो. हे संगणकातलेच मदतनीस. काम सांगितलं की स्वतः कोड वाचतात, लिहितात, दुरुस्त करतात. आमच्या टीमची प्रमुख हरिप्रिया. तीही तंजावरच्या मराठी घरातली, पण वाक्य मराठीत सुरू करून तमिळमध्ये संपवते. तिने एजंटाचं नाव गुंडो ठेवलं. तिच्या आजोळी गुंडो नावाचे एक काका होते म्हणे. मीठ आण म्हटलं तर मीठच आणायचे, घरातली साखर संपली आहे हे डोळ्यांनी दिसलं तरी ती आणायचे नाहीत.

आमचा गुंडो फार वेगवान आणि फार प्रामाणिक. फक्त खुर्ची वळवून कुणाला काही विचारणं त्याला जमत नव्हतं. जे लिहिलेलं असेल तेवढंच त्याला कळे. म्हणून हरिप्रियाने मंदारला काम दिलं. मंदार सांगलीचा मुलगा, तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी चेन्नईत आलेला. हुशार, पण पायाला भिंगरी. काम असं होतं: माझ्या पोटातल्या प्रत्येक नियमाची नोंद करायची. नियम कोणता, तो काय करतो आणि का केला. एजंटांनी ती नोंद वाचून मगच कोडला हात लावायचा.

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! बारा वर्षांनी कुणीतरी माझ्याबद्दल लिहिणार होतं. मंदारने गुंडोलाच कामाला लावलं आणि गुंडोने एकसष्ट नियमांच्या नोंदी अर्ध्या तासात लिहिल्या. चार घरं का, ओळ इतकीच लांब का, सगळं कसं टापटीप. साठ नोंदी पूर्ण, निदान नियम वाचून कळतं तेवढ्या. एकसष्टाव्या नोंदीत, त्या वगळण्याच्या ओळीपुढे, त्याने लिहिलं: "कारण नोंदलेलं नाही. कनका नावाची व्यक्ती कर्मचाऱ्यांच्या यादीत नाही. हा नियम ठेवायचा की काढायचा, ते सांगा."

पाहा, विचारलं त्याने! गुंडोला मी दोष देणार नाही.

गुरुवारची संध्याकाळ होती. शुक्रवारी सकाळी ते पान साहेबांना दाखवायचं होतं. एकसष्टातली एक जागा रिकामी दिसते, हे मंदारला खुपलं. तो स्वतःशीच पुटपुटला, "कनकाला विचारा म्हणे. हा काय नियम झाला? अक्का तर निवृत्त झाल्या. जुन्या काळचा उरलासुरला कचरा." आणि टाइप केलं, "काढ."

अरे थांब! अरे ऐक! मी किती ओरडले असेन. पण फाईलीला तोंड कुठे असतं? ओळ गेली. इस्त्रीवाला फिरला. दोनशे चौदा फाईली घडी घालून तयार. त्यांत थांब्यांच्या याद्याही. मला अंगभर काटा आला. वडपळणी, पोरूर, काट्टुपाक्कम, पूनमल्ली, तिरुमळिसै, हा बसचा रस्ता. नव्या यादीत काट्टुपाक्कम पहिलं, पूनमल्ली दुसरं आणि पोरूर तिसरं. तिसरा आकडा शून्य होता. खरं तर तो काट्टुपाक्कमचा, पण आता पोरूरच्या गळ्यात पडला.

पोरूरच्या थांब्यावर त्या पाळीला एकच मुलगी उभी राहायची. तिचं नाव नित्या. वय एकोणीस. कोवलमच्या कोळ्याची पोर, घरातून फॅक्टरीत जाणारी पहिलीच. पोरूरला मुलींच्या हॉस्टेलमध्ये राहून फोनच्या फॅक्टरीत शिकाऊ म्हणून लागली होती. नियम कडक. महिन्यात तीन वेळा उशीर झाला की शिकाऊ यादीतून नाव कमी.

शुक्रवारी पहाटे पाच वीसला ती थांब्यावर होती. बस आली ती वरच्या पुलावरून निघून गेली. ड्रायव्हर सेल्वमला रस्ता पाठ होता, पण त्याच्या पडद्यावर पोरूरपुढे शून्य होतं, त्याने पूल घेतला. त्याचं काय चुकलं? नित्या साधी शहरबस, मग शेअर रिक्षा असं करत फॅक्टरीत पोचली तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता. पहिला शेरा.

तिची तक्रार आमच्याकडे आली. तमिळमध्ये, दोन ओळी. मंदारने वाचली. बाकी एकाही थांब्यावरून तक्रार नव्हती, कारण बाकी थांब्यांना चुकीचे का होईना, पण शून्य सोडून दुसरे आकडे मिळाले होते. बस थांबत होती, माणसं चढत होती. राहिली ती एकटी नित्या.

"झोपली असेल," मंदार हरिप्रियाला म्हणाला. "एकटीलाच कशी बस मिळत नाही?"

"तरी बघून घे रे," हरिप्रिया म्हणाली. "चेक पण्णि सोल्लु." म्हणजे तपासून सांग.

त्याने गुंडोला विचारलं, काल काय बदललं? गुंडोने उत्तर दिलं, "दोनशे चौदा फाईलींची मांडणी बदलली. कामाच्या कोडमध्ये बदल नाही." मांडणीने कधी बस चुकते का? मंदारने तक्रारीपुढे लिहिलं, तपासलं, दोष आढळला नाही, वेळेवर उठून थांब्यावर यावं.

मित्रांनो, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला सगळं ठाऊक. काय झालं, कुणामुळे झालं, आधी कधी झालं होतं. आणि मी जागची हलू शकत नाही. कुणी मला उघडलं तर कळेल, पण उघडणार कोण? मी आत्ताच नीटनेटकी झाले होते, माझी नोंद पूर्ण झाली होती. माझ्याकडे बघायचं कुणाला कारणच नव्हतं.

शनिवारी पुन्हा तेच. दुसरा शेरा. या वेळी नित्याने मोठं लिहिलं होतं. "अण्णा, मी झोपले नव्हते. हॉस्टेलचं दार पाचला उघडतं, उघडल्याबरोबर मी पळत जाते. दुसऱ्या थांब्यावर जायला वेळ पुरत नाही. बस माझ्या डोक्यावरून पुलावरून जाते, मी हात करते. सोमवारी तिसऱ्यांदा झालं तर मला काढतील. मी घरी काय सांगू?"

मंदारने ते वाचलं आणि खुर्चीत सरळ बसला. मग पुन्हा वाचलं. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस, लोक डबे भरत होते, पण तो उठला नाही. त्याने सेल्वमचे शेरे उघडले. दोन्ही दिवशी सेल्वमने वैतागून लिहिलं होतं, "काट्टुपाक्कमला नऊ जण दाखवतात. मी पाच मिनिटं थांबलो. कुत्रंसुद्धा आलं नाही."

"हरिप्रिया," तो म्हणाला, "काट्टुपाक्कमला नऊ जण कधीपासून?"

"काट्टुपाक्कमला या पाळीला कुणीच नाही. नऊ वडपळणीला."

आता आलास ठिकाणावर! माझा जीव नुसता उड्या मारत होता. इकडे ये, मंदार, इकडे! माझ्यात झालेला प्रत्येक बदल नोंदलेला असतो, कुणी केला, कधी केला, काय काढलं. तो शोधत शोधत माझ्यापर्यंत आला. त्याने गुरुवारची नोंद उघडली. काढलेली ओळ लाल अक्षरात समोर आली. थांब्यांच्या याद्या या नियमातून वगळा. कनकाला विचारा.

हरिप्रियानेही खुर्ची ओढून ती ओळ वाचली.

"याद्या पूर्वीसारख्या करून टाकतो," मंदार म्हणाला. "पण असं का होतं ते मला अजून कळलेलं नाही. न कळता केलं तर पुढच्या वेळी पुन्हा कुणीतरी हेच करील."

"त्यात लिहिलंय ना काय करायचं," हरिप्रिया म्हणाली. "मग विचार की!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मंदारने फोन लावला. अक्का अर्ध्या तासात आली. तीच सुती साडी, गजरा, हातात डबा. तिच्यापुढे कॉफीचा पेला ठेवला आणि मंदारने पडदा तिच्याकडे वळवला.

"ही ओळ कां काढलीस, तंबी?"

"त्याला कारण नव्हतं, अक्का."

"होतें," ती म्हणाली. "मजपाशीं होतें."

मग तिने नित्याचा निरोप वाचला. सावकाश, तमिळमध्येच, ओठ हलवत. वाचून झाल्यावर चष्मा काढून ठेवला. कॉफीवर साय धरली. मला वाटलं, आता म्हणेल, तसेंच असूं दे. डबाही उघडेल. पण तिने डबा बाजूला सारला.

"अकरा वर्षांमागें हें मी केलें होतें," ती म्हणाली. "माझ्या हातें. राजसबाईची नोकरी गेली. लाज वाटली मज, म्हणून लिहिलें नाहीं. लिहिलें असतें तर ह्या पोरीला पुलाखालीं उभें राहावें लागलें नसतें."

मंदारने ती लाल ओळ पुन्हा वाचली. "मी तर कचरा म्हणालो त्या ओळीला," तो म्हणाला. "आणि त्या मुलीला झोपाळू म्हणालो."

"सरी, दोघेही चुकलों. आतां रडत बसूं नकोस. आधीं बस खालीं उतरव."

याद्या पूर्ववत झाल्या. नऊ जण वडपळणीला परत गेले, पोरूरपुढे एक आला. माझी ओळ माझ्या पोटात परत आली. मंदार म्हणाला, पुढे थांबा आणि आकडा एकाच ओळीत बांधून टाकू, म्हणजे हा घोळ मुळातून जाईल. त्याला दोन आठवडे लागतील. अक्का म्हणाली, "बांध बापा. पण आधीं लिहूं दे." तिने चष्मा चढवला आणि माझ्या त्या ओळीखाली टाइप केलं, "कारण:" या वेळी बाहेरून तिला कुणी हाक मारली नाही.

तिने लिहिलं: "या याद्यांचा क्रम बदलला तर आकडे चुकीच्या थांब्यांना जातात. ज्या थांब्यावर शून्य जातं तिथे बस थांबत नाही आणि तिथलं माणूस मागे राहतं. हे दोनदा झालं आहे. पहिल्यांदा माझ्या चुकीने, तेव्हा राजसबाईंची नोकरी गेली. कनका." मंदारने तिच्याकडून कळफलक घेतला आणि खाली भर घातली: "दुसऱ्यांदा माझ्या चुकीने. मंदार." मग दोघांनी मिळून नित्याच्या फॅक्टरीला पत्र लिहिलं. त्यात मोजकंच होतं: दोन्ही दिवसांचा उशीर मुलीचा नाही, आमचा आहे. मंदारने नित्याला फोनही केला. त्याचं तमिळ मोडकंतोडकं, आणि माफी मागताना तर अगदीच पांगळं झालं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अण्णा, सोमवारी बस येईल ना?"

सोमवारी पहाटे मंदार स्वतःची मोटरसायकल घेऊन पोरूरच्या पुलाखाली जाऊन उभा राहिला. बस नाहीच आली तर तिला श्रीपेरुंबुदूरला नेऊन सोडायचं, असं ठरवून. मी इकडे संगणकात एका पायावर. पाच अठरा. पाच एकोणीस. वीस होऊन गेली तरी काही नाही. माझ्या सगळ्या ओळी वाकड्या व्हायच्या बाकी होत्या. पाच एकवीसला पडद्यावर अक्षरं आली. पोरूर: एक. चढले: एक. आणि मागोमाग मंदारचा हरिप्रियाला निरोप, "उतरली गं, बस खाली उतरली!"

नित्या अजून त्याच बसने जाते. फॅक्टरीने एक शेरा पुसला, दुसऱ्याबद्दल त्यांचा कागद अजून फिरतोच आहे. पण महिना संपला आणि तिचं नाव यादीत राहिलं.

गुंडोचंही सांगते. परवा कुणीतरी त्याला सगळ्या याद्या साफसूफ करायला सांगितलं. तो माझी नोंद वाचत वाचत त्या ओळीपाशी आला आणि थांबला. त्याने लिहिलं, "थांब्यांच्या याद्यांना हात लावलेला नाही. माणूस मागे राहतं, असं कारण दिलं आहे." मला तो तेव्हा फार आवडला. कारण सांगितलं तर त्यालाही कळतं हो, न सांगता कुणाला कळणार?

आता कनका अक्का दर गुरुवारी येते. माझ्यातले बाकीचे जुने नियम उघडून बसते आणि एकेकाचं खरं कारण मंदारला सांगते. तो लिहितो, मध्येच तिला छेडतो, तुमच्या सांबारापेक्षा आमची आमटी बरी म्हणून, आणि बोलणी खातो. डबा असतोच. पण आता हरभरे कारण सांगून झाल्यावर मिळतात.

मागच्या गुरुवारी मात्र ती आली तेव्हा हातात डबा नव्हता. मंदारने विचारल्यावर म्हणाली, राजसबाईकडे गेले होते. तिरुवल्लिक्केणीला लेकीकडे असते ती, आता थकली आहे. अक्काने सगळं सांगितलं, बस का थांबली नाही, कुणामुळे थांबली नाही. राजसबाई रागावेल, दार लावून घेईल, याची तिने तयारी ठेवली होती. राजसबाईने तिला आत बसवलं. मग म्हणाली, "मज वाटलें, माझेंच घड्याळ मागें होतें. तें मी तेव्हांच टाकून दिलें."

अकरा वर्षं, मित्रांनो. अकरा वर्षं ती बाई स्वतःच्या चांगल्या घड्याळाला दोष देत होती, आणि खरं कारण माझ्या पोटातल्या एका ओळीत लिहायचं राहून गेलं होतं.

म्हणून एवढंच मागते. मला कुणी वाखाणलं नाही तरी चालेल, पान रिकामं दिसलं तरी चालेल. पण तुम्ही कधी नियम केलात तर त्याच्याखाली कारण लिहा. तुमची चूक त्यात असेल तर ती आधी लिहा. आणि एखादा जुना नियम तुम्हाला कळला नाही, तर तो काढण्याआधी ज्याने केला त्याला विचारा. बहुतेक वेळा ते माणूस दोन स्टेशनांवरच राहत असतं.